साहेबांची बंदूक झिरो होईपर्यंत

त्या सकाळी मझऱ्यावर कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको की म्हातारी मनचं सांगते. मझरा म्हणजे शेतवाडी, इथं बहरैनमध्ये हमद टाउनच्या पलीकडं. तिचा मालक बू खालिद होता, खुर्ची टाकून कॉफी पीत बसलेला. दत्ताराम ड्रायव्हर होता, आमच्या संगमेश्वरकडचाच. रफीक माळी होता, बंगाली, हातात पाण्याचा पाइप. मी होते, स्वयंपाकाची नि कोंबड्यांची बाई. आणि साहेब होते.

साहेबांचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की माणूस जवळचा वाटायला लागतो, आणि मला तसं वाटून घ्यायचं नाही.

साहेब टेबलाशी बसले होते, बंदुकीच्या मागं डोळा लावून. माझा फोन वाजला. मागं न वळता साहेब बोलले, "मावशी, फोन बंद. कुणी हलायचं नाही." मी बंद केला. तो फोन गावावरनं होता. माझ्या लेकीचा.

आता माणूस कसा होता ते सांगते.

साहेब पुण्याचे. सगळा जन्म बहरैनमध्ये एका कारखान्यात काढलेला. तिथं मापाचे काटे तपासायचं काम. प्रेशरचे काटे, गरमीचे काटे, वजनाचे काटे, खरं दाखवतात की खोटं ते बघायचं. कॅलिब्रेशन म्हणायचे त्याला. रिटायर झाले, बायको आधीच गेलेली, मुलगे कॅनडात. मुलांचे फोन यायचे तेव्हा साहेब मराठीत बोलायचे नि तिकडनं इंग्लिश यायचं. बू खालिद त्यांचा जुना दोस्त. त्यानं मझरा त्यांच्या हातात दिला, राहायला दोन खोल्या दिल्या, आणि आम्हाला सांगितलं, "ये मुदीर है. जो पूछना, इसको पूछो." मुदीर म्हणजे मॅनेजर. तेव्हापासून पगार त्यांच्या हातून, लिव्हची सही त्यांच्या हातून.

त्या माणसाला मापाचं वेड होतं. वरणात थर्मामीटर घालायचे. खोटं नाही सांगत. फोडणी दिली की यायचे आणि तेल किती तापलंय ते बघायचे. एकदा पाण्याची लेव्हल घेऊन आले, गवंडी लावतो ना भिंतीला, ती. माझ्या पोळपाटावर ठेवली नि बोलले, "मावशी, तुमचा पोळपाट डावीकडं झुकतोय. म्हणून तुमच्या पोळ्या एका बाजूला जाड होतात."

मी बोलले, "साहेब, पोटात गेल्यावर सगळ्या सारख्याच होतात."

"तसं नसतं. अंदाज म्हणजे आळस." हे त्यांचं नेहमीचं. दत्तारामनं गाडी लावली तरी हेच, रफीकनं पाणी सोडलं तरी हेच. दत्ताराम मागनं त्यांची नक्कल करायचा, जेवताना वाटी डोळ्यासमोर धरून. "काकी गो, कालवण अर्धा इंच कमी आहे. अंदाज म्हणजे आळस." आम्ही हसायचो. तेव्हा हसायचो.

मला मावशी म्हणायचे आणि वयानं माझ्यापेक्षा मोठे. मी एकदा विचारलं, "साहेब, मी तुमच्यापेक्षा लहान, नि मावशी कसली?"

"पुण्यात कामाच्या बाईला मावशीच म्हणतात. मान असतो तो."

"मग मी तुम्हाला काका म्हणू?"

"नको. साहेबच बरं."

वाईटच माणूस होता असं मी बोलणार नाही. एकदा तेलाची कढई माझ्या हातावर उलटली. साहेबांनी मला गाडीत घालून सलमानियाच्या दवाखान्यात नेलं आणि दिवसभर तिथल्या बाकावर बसून राहिले. डबा नाही, पाणी नाही. नर्सशी भांडले की मलम जाड लागलंय. घरी आल्यावर पट्टी स्वतः बदलायचे, इतक्या हलक्या हातानं की माझ्या नवऱ्यानंही कधी मला तसं धरलं नव्हतं. म्हणून तर जास्त राग येतो. ज्याला कळत नाही त्याचं सोडून देता येतं. ह्या माणसाला कळत होतं.

मग कोल्हा आला.

इथं वाळवंटात कोल्हे असतात, लहान असतात, कान मोठे. आमच्या कोकणातल्यासारखे ओरडत नाहीत. उजाडताना गुपचूप येतो, कोंबडी धरतो नि जातो. मागच्या भिंतीखाली पाणी जायला एक भोक होतं, त्याच्यातनं यायचा. सकाळी मी खुराडं उघडायला गेले की पिसं पडलेली दिसायची. बू खालिदच्या त्या कोंबड्या शौकाच्या होत्या, कुठनं कुठनं आणलेल्या. तो चिडला. त्याच्याकडं बावीसची बंदूक होती, परवान्याची. गोळी इतकी बारीक की करंगळीच्या नखावर राहील. त्यानं कुठनंतरी कोल्हा मारायची परवानगीही आणली. साहेबांना बोलला, "तू बंदूक तयार कर, मैं मारेगा."

तिथंच सगळं बिघडलं. बंदूक तयार करायची म्हणजे झिरो करायची. दुर्बिणीतनं जिथं फुली दिसते तिथंच गोळी लागली पाहिजे, ते जमवायचं. बू खालिद बोलला, एका सकाळचं काम आहे. दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर होतंही. पण दिलं कुणाला?

साहेबांनी भिंतीजवळ लबानचं, म्हणजे ताकाच्या बाटल्यांचं, खोकं ठेवलं, त्या भोकाच्या शेजारीच. मी पिठाची खळ करून त्यावर कागद चिकटवायची, मध्ये काळा टिपका. बंदुकीखाली ठेवायला मी वाळूच्या पिशव्या शिवल्या. एक घट्ट झाली म्हणून उसवली, एक सैल झाली म्हणून उसवली. मग साहेब गोळ्या मारायचे, जाऊन भोकं बघायचे, पट्टीनं मोजायचे, परत येऊन दुर्बिणीचा खटका फिरवायचे. टिक, टिक. पुन्हा मारायचे. सगळी भोकं बाटलीच्या एका बुचाखाली झाकली पाहिजेत, असा त्यांचा हिशोब. बू खालिद खुर्चीत बसून असायचा, कारण परवाना त्याचा, तो नसला तर बंदूक पेटीतनं निघायची नाही. तो म्हणायचा, "खलास, बाबा. कोल्हा बडा है. बोतल का ढक्कन नहीं है."

साहेब ऐकायचे नाहीत.

आणि एक दिवस जमलं. सगळी भोकं बुचाखाली. साहेब इतके खूश झाले की त्यांनी मला शिरा करायला सांगितला आणि थर्मामीटर न घालता खाल्ला. बंदूक पुसून एसीच्या खोलीत ठेवली. त्यांच्या कारखान्यात तपासलेलं यंत्र थंड खोलीतच ठेवायची रीत, म्हणून त्या खोलीचा एसी कधी बंद करायचा नाही.

तेव्हा ऑगस्ट होता. बहरैनचा ऑगस्ट ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. एसीतनं बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, समोरचा माणूस दिसत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता कोल्हा भोकातनं आत आला, बू खालिदनं बंदूक घेतली, डोळा लावला नि बोलला, "मफी. कुछ नहीं दिखता." दुर्बीण सगळी पांढरी. कोल्ह्यानं कोंबडी उचलली नि गेला.

साहेबांनी दुर्बीण खोलून काढली, आत नेली, कापडानं पुसली, सुकवली, परत बसवली. आणि बोलले, "आता पुन्हा झिरो करायला लागेल. दुर्बीण काढली की जुना झिरो गेला."

असं चाललं. झिरो करायचा, एसीत ठेवायची, बाहेर काढली की वाफ, दुर्बीण काढायची, पुसायची, पुन्हा झिरो. दत्ताराम बोलला, "साहेब, बंदूक बाहेर छपरीत ठेवा ना. नायतर एसी तरी बंद करा."

"गरम-थंड झालं की धातू हलतो. तुला काय कळतंय?"

"मला एवढं कळतंय की कोल्हा एसीत राहत नाय."

साहेबांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं. मग रफीक बोलला, "साब, दीवार का होल बंद कर देता हूँ. ब्लॉक पडा है, सिमेंट पडा है." सोपं काम होतं. साहेब त्याच्यावर ओरडले. का, तर बंदूक त्या भोकाच्या अंतरावर झिरो केली होती. भोक बुजवलं तर कोल्हा दुसरीकडनं येईल, मग अंतर बदलेल, मग सगळी मेहनत फुकट. म्हणजे कोल्हा मारायची बंदूक नीट लागावी म्हणून कोल्ह्याची वाट उघडी ठेवायची. ते ऐकलं तेव्हा मी भांडी घासत होते. हसू आलं मला. तेव्हा माझं काही अडलं नव्हतं.

मग माझं अडलं.

माझी एकच लेक. लग्न होऊन कितीतरी वर्षं झाली तरी मूल नाही. सासरच्यांनी ऐकवून ऐकवून तिचा जीव नकोसा केलेला. त्या वर्षी तिला दिवस राहिले. डॉक्टरनं सांगितलेलं, जपायला लागेल, बीपी वाढतंय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सातव्यात तिला आमच्या घरी आणून सोडली. पण माहेरी होतं कोण? नवरा माझा कधीच गेला. घरात माझी सासू, तिला डोळ्यांनी दिसत नाही. ती बिचारी बाळंतपण काय करणार, तिलाच धरून न्यायला लागतं. लेक फोनवर रोज विचारायची, "आये, कधी येतेस?" मी बोलायची, "येते गो, साहेबांची सही झाली की येते."

मी साहेबांकडं लिव्ह मागितली. ते खोक्याकडं बघत होते.

"किती दिवस?"

"बाळंतपण आहे साहेब. बारसं होऊन येते."

"मग कोंबड्यांचं कोण बघणार? तुम्ही गेलात नि कोल्ह्यानं सगळ्या संपवल्या तर मी बू खालिदला काय सांगू? आधी कोल्हा. कोल्हा गेला की त्या दिवशी सही करतो."

"रफीक बघेल कोंबड्यांना."

"रफीक अंदाजानं दाणे टाकतो."

मी बू खालिदकडं गेले. तो बोलला, "मुदीर को बोलो. इंशाल्ला, कोल्हा खलास, तुम घर जाओ." बोलताना हसत होता, वाईट मनानं नाही. त्याला वाटलं एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे.

सहीशिवाय निघून गेले असते तर परत यायची वाट बंद. माझ्या पगारावर सासूचं औषध, लेकीचा दवाखाना. म्हणून थांबले. रोज साहेबांचा चहा नेऊन ठेवायची नि उभी राहायची. ते बोलायचे, "आज नक्की होईल, मावशी." आणि टिक, टिक.

मला वाटायला लागलं, ह्या माणसाला कोल्हा मारायचाच नाही. मारला की काम संपलं. मग उद्या सकाळी उठून काय करायचं? मुलगे कॅनडात, बायको फोटोत. कारखान्यातनं रिटायर झाल्यापासून कुणी त्यांना काही तपासायला दिलं नव्हतं. हे मला समजत होतं, आणि समजून माझा काय फायदा? माझी लेक तिकडं पोट घेऊन बसलेली.

एकदा तर कोल्हा समोर बसला. खरंच बसला, कुत्र्यासारखा, भोकाच्या तोंडाशी, आणि कान खाजवायला लागला. त्या दिवशी कोरडा वारा सुटलेला म्हणून दुर्बीण साफ होती. बू खालिदनं बंदूक धरली. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब. काल स्क्रू बदललाय. चेक नाही केला."

बू खालिद बोलला, "बाबा, बैठा है!"

"चेक नाही केला तर तो नेम नाही, जुगार आहे."

कोल्ह्याचं कान खाजवणं झालं, त्यानं आमच्याकडं बघितलं, आणि गेला. दत्तारामनं कपाळाला हात लावला. मी साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या समोर आवाज चढवला. "साहेब, तुमचा कोल्हा माझी सही घेऊन गेला."

ते बोलले, "मावशी, भावनेच्या भरात बोलू नका. घाईत चूक होते."

आणि मग ती सकाळ. सुरुवातीला सांगितली ती. साहेब नेम धरून, आम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे, फोन बंद. साहेबांनी गोळ्या मारल्या, भोकं बघायला गेले, तेव्हा मी फोन चालू केला. शेजारणीचा मेसेज होता, बोललेला. रात्रीपासून कळा लागल्या, दिवस भरायच्या आधीच. गाडी मिळायला उशीर झाला. तालुक्याला नेलं. लेक वाचली. बाळ मुलगा होता. रडला नाही.

लेकीनं फोन लावलेला तो दवाखान्यातनं. तिला मला स्वतः सांगायचं होतं. आणि मी बंद केला होता, कारण साहेबांचा नेम हलला असता.

मी रडले नाही. माझा स्वभाव नाही तो. मी सरळ भिंतीकडं चालत गेले. ते खोकं पायानं बाजूला सारलं, कागदासकट. रफीकनं आणून ठेवलेले ब्लॉक उचलले नि एकेक त्या भोकात ठोकायला लागले. साहेब ओरडले, "मावशी! काय करताय? अंतर! झिरो त्याच अंतरावर आहे!" मी थांबले नाही. बोटं सोलली. रफीकनं पाइप टाकला नि पळत आला, सिमेंटचं घमेलं घेऊन. दत्तारामनं मेसेज ऐकला आणि साहेबांना जाऊन सांगितला. मग ओरडणं बंद झालं.

थोडा वेळ गेला. भोक बुजलं. तिथं कोल्हा पुन्हा कधी आला नाही. एवढंच काम होतं ते.

बू खालिद खुर्चीतनं उठला नि डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरला. त्यानं बंदूक पेटीत घातली नि कुलूप लावलं. साहेब माझ्या मागं येऊन उभे राहिले. खिशातनं पेन नि घडी केलेला कागद काढला. तिथंच उभ्या उभ्या माझ्या लिव्हच्या कागदावर सही केली. मग बोलले, आणि हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"मावशी, तुम्ही गेला असतात तरी झालं असतं तेच. बीपीची केस होती. डॉक्टरच वाचवू शकले नाहीत, तुम्ही काय केलं असतं?"

खरं असेल. साहेबांचं माप खोटं नसायचं. बाळ नसतं वाचलं. पण मी बोलले, "साहेब, झालं असतं तेच. पण लेकीचं डोकं माझ्या मांडीवर असतं. बाळाला पुरताना त्याच्या अंगावरचं फडकं मी नीट केलं असतं. कुणीतरी त्याचं तोंड बघितलं असतं, ज्याला ते कायम आठवेल. हे कुठल्या काट्यावर मोजता तुम्ही?"

त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

मी गावी गेले. लेक खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेली. मी तिच्या केसांत तेल घातलं. ती बोलली, "आये, कोल्हा मेला काय गो?" मी बोलले, "नाही." तिनं एवढंच विचारलं. टोमणा होता की खरंच विचारलं, ते मला आजपर्यंत कळलं नाही. तिला पुढं मूल झालं नाही. आता ती माझ्याशी चांगली बोलते, पण फोन मी केला तरच.

परत आले ती त्या मझऱ्यावर नाही. आता बहरैनमध्येच, हिद्दला एका घरी स्वयंपाक करते. दत्ताराम कधी भेटतो. तोच सांगतो की साहेबांना मुलानं कॅनडात नेलं, तिथं ते बर्फ मोजतात. "काकी गो, आता तरी सोड," म्हणतो. मी सोडत नाही. लोक बोलतात राग धरला की माणसाला त्रास होतो. होऊदे. माझा नातू एक सकाळ ह्या जगात होता, आणि त्याच्यासाठी राग धरायला माझ्याशिवाय कोण आहे?

तुम्ही हे वाचताय, तर तुमच्याकडं एकच मागणं. तुमच्या घरी, शेतावर, ऑफिसात कुणी काम करत असेल आणि ते माणूस तुमच्याकडं गावी जायला लिव्ह मागत असेल, तर हातातलं काम खाली ठेवा आणि आधी सही करा.